मोडशीचं औषध

(मडक्यात रटरटणारा भात, वाफ)

भाताचं पाणी निवळून घ्यायचं, त्यात मिरपूड घालायची, जिरं घालायचं. आजाऱ्यासाठी केलेली ही पेज १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात आहे. तिथे तिचं नावही आपल्या ओळखीचं आहे: कांजी.

पुस्तक लिहिणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालचा वैद्य. १५३४ साली गोव्यात उतरला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तिथलं आपलं आंब्याचं एक झाड वर्षातून दोनदा फळतं, हे तो मोठ्या कौतुकाने लिहितो.

(छापील पान, अगदी जवळून)

हा शब्द वाचा. 'मोर्शी'. उलट्या-जुलाबांनी माणूस काही तासांत संपायचा, त्या आजाराला इथले लोक काय म्हणतात ते ओर्ताने कानाने टिपलं. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशी' झालं. आपल्या आज्या म्हणायच्या ती ही मोडशी! पायांना डाग देणं, गोळे आले की हातपाय आवळून बांधणं, ही कांजी, हे सगळं त्याने इथल्याच उपचारांतून नोंदवलं.

पुस्तक संवादांचं आहे. मालुपा नावाचा हिंदू वैद्य त्यात येतो. अंतोनिया नावाची दासीही आहे. मालकाने हाक मारली की ती फळं, पानं आणून पुढे ठेवते. आम्ही हे पुस्तक उघडलं ते तिच्यासाठी. वनस्पतींच्या इतिहासात ओर्ताचं नाव सगळे घेतात. टोपली घेऊन आलेल्या बाईचं कोण घेतं?

(काष्ठौषधीचं दुकान, पाटीतल्या मुळ्या)

ही गाठाळ मुळी म्हणजे चोपचीनी. चीनहून जहाजाने यायची. ज्या रोगावर ती द्यायचे, तो म्हणजे गरमी, सिफिलिस, पोर्तुगीजांबरोबर आला असं इथले लोक मानत. म्हणून त्याच शतकात भावमिश्र या वैद्याने भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला नाव दिलं फिरंगरोग, आणि त्यावर चोपचीनी सांगितली. ओर्ताच्या पुस्तकातही हीच मुळी आहे. रोग एका बंदरातून आला, औषध दुसऱ्या. मिरी-लवंगा नेणाऱ्या त्याच गलबतांच्या वाटेने. एक वैद्य संस्कृतात लिहीत होता, दुसरा पोर्तुगीजमध्ये.

१५६७ साली अँटवर्पमध्ये या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप निघाला आणि ते युरोपभर पोचलं.

(जुनं गोवं, संध्याकाळ)

ओर्ता १५६८ साली वारला. त्याचं घराणं मूळचं ज्यू. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती होऊनही जुना धर्म पाळणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली.

इन्क्विझिशनचा वाडा इथेच होता, से कॅथेड्रलसमोरच्या या पटांगणाला लागून.