'झालं' नको, 'केलं' लिहा! इम्पोस्टर सिंड्रोमवर थोडं सरळ बोलू

नमस्कार मंडळी! "ताई, इम्पोस्टर सिंड्रोमवर कधी बोलताय?" किती दिवस विचारताय, घ्या आज.

मूळ माहिती पटकन. इम्पोस्टर सिंड्रोम म्हणजे यश मिळूनही "मी लायक नाही, एक दिवस पकडला जाईन" असं वाटत राहणं. 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांबद्दल हे मांडलं. त्यांचा शब्द 'फिनॉमिनन', 'सिंड्रोम' मागनं चिकटलं. हा आजार नव्हे. क्लान्सच्या प्रश्नावलीत 20 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 80 च्या वर गेली तर त्रास तीव्र. बास.

आता गाडी अडते तिथं येऊ. "रोज यश लिहा" असं सगळेच सांगतात. मग लोक लिहितात, "रिजेक्शन (खराब निघणारा माल) कमी झालं." झालं? आपोआप? कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीतला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातला इंजिनिअर धरा. त्यानं लिहायचं: "जाड भाग शेवटी गोठत होता, तिथं धातूचा रस कमी पडून पोकळी धरत होती, म्हणून मी रायझर (जादा रस पुरवणारा साठा) तिथं घेतला." अडचण, कारण, आणि 'मी' काय केलं. हे तिन्ही नसेल तर मन त्याला पुरावा मानत नाही.

"पण ताई, नशीबही होतंच की!" असेल ना. तेही लिहा, वेगळ्या ओळीत. गिऱ्हाईक अचानक आलं हे नशीब, पण कोटेशन त्याच दिवशी कुणी पाठवलं? दोन्ही एका वाक्यात कोंबलं की नशीब सगळं खाऊन टाकतं.

आणि साहेब "छान काम" म्हणाले की आपलं सुरू, "छे हो, टीमनंच केलं सगळं." टीमचं नाव जरूर घ्या, पण आधी "थँक्यू, हा बदल मी सुचवला होता" म्हणा आणि गप्प बसा. विनय आणि 'झालं' यांत फरक आहे, मंडळी!

एकानं लिहिलंय, "आरशापुढं 'मी भारी' म्हणा, नाद खुळा!" भावा, नाही चालत. चार तासांच्या कामाला आठ तास घालणारा जिंकला तरी म्हणतो, "जादा राबलो म्हणून निभावलं." तिथं आरसा काय करणार? बिनजोखमीचं एक काम निवडा, आतला रिपोर्ट वगैरे. वेळ आधी ठरवा, चार तास म्हणजे चारच. पाचव्यांदा तपासायचं नाही. काय बिघडलं ते दुसऱ्या दिवशी लिहा.

काम खरंच नवीन असेल आणि येत नसेल, तर ते इम्पोस्टर नव्हे, ते शिकायचं. झोप, जेवण बिघडलं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे.

आता एकच वाक्य कमेंटमध्ये टाका. 'झालं' दिसलं की परत लिहायला लावणार!