सभा सुकतीला ठेवू नका
(लघुमाहितीपट : निवेदन)

[दृश्य : पहाट. खाडीचं पाणी उतरतंय. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं.]

सिंधुदुर्गातली एक खाडी. पाणी मागे सरायला लागलंय; ओहोटीला इथे सुकती म्हणतात. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी दिसणारी ही तिवरांची मुळं. झाड यांतूनच श्वास घेतं. पलीकडे चिपी, खारफुटीतलंच दुसरं झाड, उभी आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवलं.

[दृश्य : चिखलात वाकलेल्या बायका. टोपल्या. हातांचे क्लोजअप.]

बायका शिंपले वेचतायत : तिसऱ्या, मुळे, मध्येच एखादं कालव. कोपरापर्यंत हात चिखलात आणि अर्धं लक्ष पाण्याकडे. पाणी परत फिरलं की आजचं काम आटोपलं.

काठावर चपला हातात घेऊन उभी आहे ती ताई. गावात तिला सगळे ताईच म्हणतात. ओळखपत्रावरचं पद लांबलचक आहे : पर्यावरणीय व सामाजिक सुरक्षा तज्ज्ञ. ऑफिसात मात्र 'सेफगार्डवाल्या मॅडम'. खाडी राखायला निघालेल्या प्रकल्पापायी खाडीवर जगणाऱ्या कुणाचं पोट मारलं जाणार नाही ना, हे काम सुरू व्हायच्या आधी शोधायचं, त्याचा तिला पगार मिळतो. अशा माणसाला ऑफिसात चहा मिळतो, पण जरा उशिरा.

[दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा. लाल चौकोनावर ताईचं बोट.]

हा प्रकल्पाचा नकाशा. हिरवं आहे ते कांदळवन. लाल चौकोनात जाळ्याचं कुंपण होणार आणि त्यात बचत गटाच्या बायका खेकडे वाढवणार. झाडं राहतील, घरात पैसाही येईल. कल्पना चांगलीच आहे. फक्त आपण आत्ता पाहिलेल्या बायका ज्या वाटेने चिखलात उतरल्या, ती वाट या चौकोनातून जाते. ती नकाशात नाही, कारण नकाशा काढणारा भरतीच्या वेळी होडीतून आला होता.

पहिली गावसभा झाली तेव्हा या बायका नव्हत्या. इतिवृत्तात 'महिलांची उपस्थिती अल्प' असं लिहून विषय मिटला होता. ताईने ते वाचलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय उघडलं.

[दृश्य : कॅलेंडरचं पान. पेन्सिलीने गोल केलेली तिथी.]

कोकणात हे गणित पोरासोरांना येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सभेचा दिवस चतुर्थीचा. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला पुरती सुकती. सभा दहाला. त्या वेळी बायका गुडघाभर चिखलात होत्या.

दुसरी सभा भरतीला झाली.

[दृश्य : देवळाचा मंडप, दाटीने बसलेल्या बायका. आजींचा बाइट मालवणीत, पूर्ण वापरावा. निवेदन नाही.]

[दृश्य : ड्रोन. नर्मदेचा जलाशय, सातपुड्याचे डोंगर.]

ताईचं हे पद आलं कुठून, ते सांगायला खाडी सोडून नर्मदेवर जावं लागतं. नंदुरबार जिल्ह्यातलं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं, मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. त्या दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, हे पाणी आजचं आहे.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. पुनर्वसनाच्या अटी कागदावर होत्या. खोऱ्यातली माणसं त्या अटी हातात घेऊन विचारायला लागली, मोर्चे निघाले, आणि १९९१ मध्ये बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र पाहणी नेमावी लागली. अध्यक्ष होते ब्रॅडफर्ड मोर्स. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालाने सांगितलं की बाधितांचा नीट विचार झालेला नाही, पर्यावरणावरचे परिणाम आधी पुरते तपासलेले नाहीत, बँकेने मागे व्हावं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेने आपलेच नियम मोडले, अशी तक्रार घेऊन प्रकल्पाची झळ बसलेली माणसं तिथे थेट जाऊ शकतात. पुढे नियम वाढत गेले. २०१८ पासून बँकेची १० पर्यावरणीय व सामाजिक मानकं लागू आहेत आणि निधी देणाऱ्या इतर संस्थांचीही अशीच चौकट असते. ताईच्या पिशवीतले तक्ते या वाटेने आलेत. मणिबेली बुडालं.

[दृश्य : पुन्हा खाडी. बांबू, जाळी, मोजपट्टी.]

लाल चौकोनावर परत येऊ. कुंपणासाठी तिवराची एक फांदीही तोडायची नाही, ही पहिली अट. २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीला राज्यभर मनाई केली आहे, त्यामुळे यावर वाद होत नाही. वाद पुढे आहेत. जमीन कुणाची? काही सरकारी, काही खाजगी, आणि एका सातबारावर चौदा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. ताई फोन लावत बसते.

[दृश्य : हातात धरलेला खेकडा. बादलीत बारीक मासळी.]

खेकड्याची एक खोड आहे. कात टाकून मऊ झालेल्या भाऊबंदाला तो खातो. म्हणून कुंपणात लपायला पाइपचे तुकडे टाकतात आणि पोटभर खाणं घालतात. हे खाणं म्हणजे बारीक, स्वस्त मासळी. ताईचा प्रश्न तिथेच असतो : आज ही मासळी कोण घेतं? गावात दोन घरं तीच सुकवून आठवडा बाजारात विकतात. गट मोठा गिऱ्हाईक झाला की त्यांना ती कुठल्या भावाने पडेल? तक्त्यात यासाठी रकाना नाही. ताईने समासात लिहून ठेवलंय.

[दृश्य : किराणा दुकान. खिळ्याला दोरीने टांगलेली वही.]

ही तक्रारवही. आधी ती ग्रामपंचायतीत होती, कोरी राहिली. दुकानात आली तशी भरायला लागली. लिहिता न येणाऱ्याचं दुकानदार लिहून घेतो, नाव घालायची सक्ती नाही. गावाचं नाव आम्ही या फिल्ममध्ये का घेतलं नाही, तेही या वहीमुळेच.

कुंपण चाळीस पावलं वर सरकलं. वाट मोकळी राहिली, खेकडे अंदाजापेक्षा कमी निघाले, गटातल्या दोघी बाहेर पडल्या.

[दृश्य : संध्याकाळ. भरती. पाण्यात बुडालेली मुळं. पायरीवर ताई, मांडीवर कॅलेंडर.]

पुढची सभा एकादशीला. अकराची पाऊणपट सव्वाआठ. ताई दहा लिहिते, खोडते, नऊ लिहिते. मागून कुणीतरी आठवण करून देतं की एकादशीचं भजन असतं, मंडप सकाळपासून सजवायचा आहे. ताई पेन्सिल तशीच धरून थांबते.

[खाडीचा आवाज. निवेदन समाप्त.]