आधी झाडं जगवा, मग कोळी आणा

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, म्हणून पावसापासूनच सुरू करतो, कारण पुण्यात टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचा आणि तोही जिवंत झाडांच्या काचेच्या पेटीत, तर सगळा प्रश्न पाण्याचाच आहे. जुलैमध्ये आपल्याकडे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि तीच पेटी त्याच कपाटावर मे महिन्यात ३८-४० डिग्रीला असते, हवा इतकी कोरडी की सकाळी भिजवलेली माती संध्याकाळी काचेपासून सुटलेली दिसते. डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ वर. परदेशातले व्हिडिओ बघून आपण पेटी लावतो, पण त्यातले बरेच लोक बारा महिने एकाच तापमानाच्या खोलीत बसलेले असतात, त्यांचं "आठवड्यातून एकदा पाणी" हे गणित आपल्याकडे जुलैमध्ये बुरशी आणतं आणि मे मध्ये झाड वाळवतं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. झाडं कोळ्याला लागत नाहीत. जमिनीवर राहणारा टॅरंट्युला रात्री बाहेर पडतो, डोळे आठ असले तरी त्याला दिसतं फार कमी, जग कळतं ते पायांवरच्या केसांमधून आणि जमिनीच्या थरथरीतून. हिरवा रंग, पानांची ठेवण, मागे लावलेली सुंदर साल, हे सगळं आपल्यासाठी. त्याला हवी अंधारी जागा, खणता येईल अशी खोल माती, वाटीत स्वच्छ पाणी आणि शांतता. तरी मी झाडं लावतो आणि लावा म्हणून सांगतो, कारण मुळं माती धरून ठेवतात, ओल एकदम न जाता हळूहळू जाते, आणि अशी जिवंत मातीची पेटी नीट लागली तर वर्षानुवर्षं उकरायला लागत नाही, जे कोळ्याच्या दृष्टीने फार मोठं सुख आहे. फक्त आपल्या आवडीची किंमत त्या जिवाने मोजायची नाही, एवढी अट आहे.

म्हणून पहिला प्रश्न झाडाचा नाहीच, कोळी कुठला हा आहे. मेक्सिकन रेड नी घ्या, शास्त्रीय नाव ब्राकिपेल्मा हॅमोरी. हा मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा, कोरड्या झुडपी जंगलातला, जिथे पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच पडतो आणि बाकी वर्ष कोरडं. ऐकून ओळखीचं वाटतंय ना? आपल्या दख्खनचंच वेळापत्रक आहे जवळजवळ. याच्या पेटीत फर्न आणि मॉस लावलं तर दोघांपैकी एकाला हाल काढावे लागतात, कारण फर्नला रोज ओल हवी आणि हा ओल्या मातीवर पाय टेकायला नको म्हणून काचेवर चढून बसतो. काचेवर सारखा चढलेला टॅरंट्युला दिसला की लोक म्हणतात किती ॲक्टिव्ह आहे, अहो तो खालच्या ओलीपासून लांब जायला बघत असतो. त्याच्याकडे बुटका स्नेक प्लांट लावा, पेपेरोमिया लावा, जे आठ-दहा दिवस पाणी नाही मिळालं तरी तक्रार करत नाहीत. याउलट त्रिनिदादचा सॅल्मोपियस केंब्रिजी झाडावर राहणारा, त्याला उभी पेटी, तिथे मनीप्लांट, सिंगोनियम, भिंतीवर चढणारी बारीक पानाची फायकस वेल छान जमते, आणि तो पानं आणि साल यांच्यात रेशीम विणून त्यावर मातीचे कण चिकटवतो, असा पडदा करतो की आत कोळी आहे हे सांगूनही दिसत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं की मनीप्लांट विषारी ना, चालेल का. चालेल. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या पान चावणाऱ्याला लागतात, म्हणजे मांजराला, लहान मुलाला. कोळी पान खात नाही. काटेरी निवडुंग आणि टोकदार ॲलो मात्र नको, याचं पोट अगदी पातळ कातडीचं असतं, काट्यावर पडला तर फाटतं आणि मग वाचवणं अवघड.

पोटाचा विषय निघालाच तर पेटीची उंची. जमिनीवरच्या टॅरंट्युलासाठी मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका. लोक उंच फिशटँक आणतात, तळाला दोन इंच माती घालतात आणि वर फूटभर मोकळं, हे दिसायला भारी पण जड कोळी वरून पडला की संपलं. उंच टँक असेल तर माती भरा ना वरपर्यंत, झाडांनाही मुळं पसरायला जागा मिळते. आणि झाकणाला जाळी नको, पायाच्या टोकाच्या नख्या जाळीत अडकतात, मग तो लटकून राहतो किंवा पाय सोडून देतो. ॲक्रिलिक शीट घ्या, त्याला बारीक भोकं पाडा, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंनाही भोकं हवीत म्हणजे हवा आरपार जाते. पुण्याच्या पावसाळ्यात कोंदट पेटी ही कोरड्या पेटीपेक्षा जास्त घातक, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

माती. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, वीट सगळ्यांना माहिती आहे, ती भिजवून दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, क्षार असतात. पण नुसतं कोकोपीट नको, सुकलं की भुसभुशीत होतं, बीळ टिकत नाही. त्यात साधी लाल माती मिसळा, चाळून, साधारण निम्मी निम्मी. काळी माती घेऊ नका, ती भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि बिळात बसलेल्यावर काय होईल विचार करा. शेणखत, गांडूळखत, रंगीत दाणेवाली खतं काहीच नको, झाड हळू वाढलं तर वाढू दे. तळाला हवं तर खापराच्या तुकड्यांचा थर, वर थोडा लोणारी कोळसा. हा थर मला ओल्या पेटीत उपयोगी वाटतो, कोरड्या पेटीत उगाच, कारण तिथे मुळात एवढं पाणी घालायचंच नाहीये.

आता जिथे कोळी मरू शकतात तिथे येतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नर्सरीतलं झाड. उरुळी कांचनकडे सोलापूर रोडला जाऊन आपण टवटवीत, एकही किडा नसलेलं झाड आणतो आणि खुश होतो, पण एकही किडा नाही याचं कारण औषध असू शकतं. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं पानावर बसत नाहीत, मुळातून शोषली जाऊन रसात फिरतात, वरून धुवून जात नाहीत. मग आपण पेटीत कोळ्याला खायला क्रिकेट, म्हणजे रातकिडा, सोडतो, क्रिकेट पान कुरतडतो, कोळी क्रिकेट खातो. म्हणून माझा आग्रह असा की अख्खं झाड पेटीत घालूच नका. फांदीचा तुकडा घ्या, पाण्यात किंवा साध्या मातीत लावा, काही महिने बाहेर वाढू द्या, आणि नवीन फुटलेल्या वेलीचा तुकडा पेटीत लावा. त्याहून सोपं म्हणजे ज्या मावशींच्या बाल्कनीत वर्षानुवर्षं फवारणी न केलेला मनीप्लांट आहे त्यांच्याकडून मागून आणा, आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

आणि मग थांबा. झाडं लावली, माती दाबली, करवंटी अर्धी पुरून लपायची जागा केली, पाण्याची वाटी ठेवली, आणि कोळ्याशिवाय ती पेटी महिना-दीड महिना तशीच चालवा. पहिल्या पंधरा दिवसांत पांढरी बुरशी येतेच, विशेषतः लाकडावर, घाबरायचं नाही. याच काळात स्प्रिंगटेल सोडा. हे टेबलावरचं भांडं जवळ येऊन बघा, कोळशाच्या तुकड्यावर पांढरे ठिपके दिसतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, फुंकर मारली की टुणकन उडतात, ते बुरशी खातात आणि कोळ्याला काही करत नाहीत. बारीक पांढरे आयसोपॉडही, म्हणजे ओल्या जागी कुंडीखाली सापडणारे खवलेदार पाठीचे जीव, चालतात. पण कुंडीखालचे मोठे करडे आयसोपॉड गोळा करून घालू नका, त्यांना प्रथिनं लागतात, आणि कात टाकताना कोळी पाठीवर उताणा, मऊ, काहीच करू शकत नाही अशा अवस्थेत असतो, तेव्हा असा भुकेला सोबती आत नको.

कोळी आल्यावर तो तुमची रचना मोडणार, हे मनात धरूनच लावा. तो खणतो कसा ते एकदा रात्री लाल लाइटमध्ये बघा. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांनी माती ओढतो, विषदातांच्या मध्ये दाबून गोळा करतो, त्याला थोडं रेशीम गुंडाळतो, आणि तो गोळा छातीशी धरल्यासारखा उचलून बिळाबाहेर नेऊन टाकतो, बऱ्याचदा थेट पाण्याच्या वाटीत. मग परत आत, परत गोळा, तासन् तास. झाड मध्ये आलं तर मुळासकट बाहेर. म्हणून झाडं कडेला, कोपऱ्यात, मुळांभोवती दोन-तीन दगड रोवून, आणि दगड तळावर टेकलेले, मातीवर तरंगते नाहीत, नाहीतर खालून खणल्यावर त्याच्याच अंगावर बसतील.

लाइटचं थोडक्यात. साधा पांढरा एलईडी, आठ-दहा तास, झाडांच्या बाजूला, कोळ्याच्या बिळाकडे सावली. खिडकीतलं ऊन अजिबात नाही, काचेची पेटी उन्हात काही मिनिटांत तापते. हीट मॅट पुण्यात लागत नाही आणि पेटीखाली तर कधीच नाही, कारण गरम झालं की टॅरंट्युला गारवा शोधत खाली खणतो आणि खाली मॅट असते. पाणी फवारत बसू नका, कोपऱ्यात झाडाच्या बुंध्याशी हळू ओता म्हणजे तळाची माती ओली आणि वरची कोरडी राहते, त्याचं त्याला ठरवू दे कुठे बसायचं. छाटणी लांब चिमट्याने, आणि उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या जाती असतील तर हातमोजे आणि चष्मा, त्यातल्या बऱ्याच जातींच्या पोटावरचे केस मातीत पडून राहतात आणि डोळ्यात गेले तर फार त्रास होतो.

आपल्या जातींबद्दल विचारलं जातंच. सह्याद्रीत पोसिलोथेरिया रेगालिस आहे, झाडाच्या ढोलीत राहणारा, अप्रतिम. तो तिथेच राहू द्या. याचाच निळा भाऊ, पोसिलोथेरिया मेटालिका, ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्तीच्या नमुन्यावरून नोंदवला आणि पुन्हा जंगलात सापडला तो थेट २००१ मध्ये, आज तो अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ पासून पोसिलोथेरियाच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ब्राकिपेल्माही त्यातच येतो, आणि २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद नसलेला कोळी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो कुठल्या तरी बिळातून उपसलेला असण्याची शक्यता असते.

आता उरलं ते डासांचं. आपल्याकडे पावसाळा संपता संपता डेंग्यूमुळे धुराची फवारणी होते, आणि ती व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या धुरात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात, लिक्विड मशीनमध्येही त्याच गटातलं असतं, मुंग्यांच्या खडूतही, आणि कोळ्याला ती अगदी थोडी पुरतात. तेव्हा ज्या खोलीत पेटी आहे तिथे मशीन लावायचं नाही, खिडकीला डासांची जाळी बसवून घ्या. सोसायटीच्या ग्रुपवर फवारणीचा मेसेज आला की पेटी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय उघडायचं नाही. घरात पेस्ट कंट्रोल करणार असाल तर पेटी आदल्या दिवशीच मित्राकडे हलवा आणि फरशी दोनदा पुसून झाल्यावर, काही दिवसांनीच परत आणा. टॅरंट्युला तेवढे दिवस न खाता मजेत राहतो, फक्त वाटीत पाणी हवं, आणि मित्राला सांगून ठेवा की मनीप्लांट कोमेजला तरी हौसेने वरून पाणी मारू नको.