कवडशातले कण

(दृश्य: खानापूर तालुक्यातील कौलारू घराचे माजघर)

सकाळचे ऊन कौलांच्या फटीतून आत उतरले की जमिनीवर कवडसा पडतो आणि त्या तिरप्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. उन्हाची तिरीप आपल्याला बाजूने दिसते, कारण कणांवर पडलेला काही प्रकाश वाटेतच विखुरतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हवा पूर्ण निर्मळ असती, तर उजळलेला दिसला असता केवळ जमिनीवरचा ठिपका. हेच विखुरणे, याहून कितीतरी बारीक कणांमुळे, युरोपच्या उत्तरेकडील फिनलंड या देशातल्या पाइन जंगलांवरही चालते.

(दृश्य: जांबोटीचे रान, भर दुपार)

जंगलाला यातून काय मिळते, हे समजण्यासाठी आपल्याच रानात उभे राहून वर पाहावे. निरभ्र दुपारी शेंड्याची पाने उन्हात लखलखत असतात आणि खाली गडद सावली असते. प्रकाशसंश्लेषणाला एक कमाल गती असते. ती गाठल्यावर शेंड्याच्या पानांना आणखी ऊन मिळूनही उपयोग होत नाही, तर खालची पाने त्याच वेळी उजेडाला पारखी झालेली असतात. हवेत बारीक कण असले की सूर्याचा थेट झोत थोडा मंदावतो, पण प्रकाश आकाशाच्या सर्व बाजूंनी येऊ लागतो, सावल्यांच्या कडा मऊ होतात आणि आतल्या पानांनाही वाटा मिळतो. पाइनच्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पाने, झुबक्यांनी वाढत असल्यामुळे एकमेकींवर दाट सावली धरतात, म्हणून अशा जंगलाला या पसरलेल्या उजेडाचा लाभ विशेष होतो.

(दृश्य: फिनलंड, पाइन जंगलातील मोजणीचा मनोरा)

दक्षिण फिनलंडमधील ह्युटियाला येथे 1995 पासून जंगलाचा श्वास आणि त्यावरची हवा यांची अखंड मोजणी चालू आहे. या मोजणीतून उलगडलेली सर्वांत सुंदर गोष्ट अशी की कणांचा काही भाग जंगल स्वतःच घडवते. रंगकामातल्या टर्पेंटाइनचा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाइनच्या जंगलाचा गंध लगेच ओळखता येईल. या गंधाची वाफ हवेतील ओझोनशी संयोग पावते, तिच्यातून सहज न उडणारी द्रव्ये तयार होतात, ती अतिसूक्ष्म कणांवर साचत जातात आणि केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान असलेले हे कण अखेर प्रकाश विखुरण्याइतके वाढतात. ऊब वाढली की गंध अधिक सुटतो, म्हणजे उन्हाळ्यात झाडे स्वतःसाठी उजेडाची वाटणी करून घेतात, असेच म्हणावे लागते.

पसरलेल्या उजेडाचा जंगलाला लाभ होतो, याचा मोठा पुरावा मात्र एका ज्वालामुखीने दिला. जून 1991 मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा उद्रेक झाला आणि गंधकयुक्त कण वातावरणाच्या वरच्या थरात जगभर पसरले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट या पानझडी जंगलात निरभ्र दुपारचे प्रकाशसंश्लेषण 23 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

(दृश्य: चिकोडीकडील शेत, संध्याकाळ, पेटलेले पाचट)

गळिताच्या हंगामात ऊसतोड झालेल्या फडात पाचट पेटवले जाते, तेव्हा हवेत जाणारे कणही बारीकच असतात, परंतु धूर रानाला मानवतो, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पाइनच्या गंधातून झालेले कण प्रकाश मुख्यतः विखुरतात, तर धुरातील काजळी तो शोषून घेते; शिवाय कोणतेही कण फार दाट झाले, तर एकूण उजेडच घटतो आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. श्वासाला होणारा त्रास वेगळाच. हेच पाचट कुट्टी करून सरीत पसरले, तर जमिनीची ओल टिकते.

(दृश्य: अंगणातील तुळस, पानांवर उडून आलेली राख)