गुण मिळतात, भरवसा मिळत नाही

मुली अभ्यासात मागे पडतात म्हणून त्यांचा आत्मविश्वास कमी, असं समजणं सोपं आहे. पण अनेक देशांत मुली गुणांमध्ये मुलांच्या बरोबरीने, कित्येकदा पुढेच असतात. तरी स्वतःच्या बुद्धीवरचा त्यांचा भरवसा त्या मानाने वाढत नाही. मला आज बोलायचंय ते याच विसंगतीबद्दल.

२०१७ मध्ये लिन बियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या लहान मुलांना 'खूप खूप हुशार' माणसाची गोष्ट सांगायची. तो माणूस बाई की पुरुष, हे मात्र सांगायचं नाही. मग चित्रं दाखवून विचारायचं, यातलं ते कोण? पाच वर्षांच्या मुलांनी पुरुष निवडले, मुलींनी बायका. सहा-सात वर्षांच्या मुलींचं मात्र बायका निवडण्याचं प्रमाण घसरलं. गंमत पुढेच आहे. शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात, असं विचारल्यावर याच मुली म्हणाल्या, मुलींना! म्हणजे गुण आपले, हे तिला माहीत आहे. पण हुशारी ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकते. 'खूप हुशार असणाऱ्यांसाठीचा' म्हणून दाखवलेल्या खेळात या वयाच्या मुलींना मुलांपेक्षा कमी रस वाटला. तोच खेळ 'खूप मेहनत करणाऱ्यांसाठीचा' म्हटल्यावर तसा फरक दिसला नाही.

हे येतं कुठून? घरातून येतं, गोष्टींतून येतं, हे खरंच. पण वर्गात काय घडतं ते पाहू. कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांवरची बरीच टीका बेशिस्त, गबाळेपणा, लक्ष नसणं यांवर होती. मुलींवरची टीका बहुतांशी उत्तर चुकण्यावर. साहजिकच आहे, मुलगी गप्प बसते, वही नीटनेटकी ठेवते, मग ओरडायला दुसरं कारण उरतंच कुठे? मुलाला कळतं, डोकं आहे, वापरत नाही. मुलीला कळतं, एवढी धडपड करूनही चुकलं, म्हणजे मला हे जमणारं नाही. तिचा चांगुलपणाच तिच्यावर उलटतो. शिक्षक दुष्ट असावा लागत नाही त्यासाठी.

शिक्षिका असली की प्रश्न सुटतो, असंही नाही. सायन बायलॉक यांच्या २०१० च्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या काही शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती. वर्षअखेरीस त्यांच्या वर्गातल्या ज्या मुलींना 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' असं वाटू लागलं होतं, त्या गणितात मागे राहिल्या. मुलांवर असा परिणाम दिसला नाही.

म्हणून तरुण मुलींसाठी भरणाऱ्या आत्मविश्वासाच्या कार्यशाळा पाहिल्या की मला जरा चीड येते. सवय वर्गाने लावायची आणि दुरुस्ती मुलीने करायची! (मुलांचंही या व्यवस्थेत सगळं भलं होतं असं नाही, वाचनात ते जवळपास सगळीकडे मागे आहेत. तो वेगळा विषय.)

त्यापेक्षा वर्गात करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. एका सेकंदात बोलतो तो, ज्याला चुकायची भीती नाही. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. शिक्षक असाल तर उद्याच्या तासाला थांबून बघा. तीन सेकंदही फार लांब वाटतात, आणि पहिले काही दिवस मागच्या बाकावरून कोणीच बोलणार नाही.