वाट पाहण्याचा खेळ

नमस्कार, श्रोतेहो.

पोकर रूमच्या दारात उभं राहिलं की आधी ऐकू येते ती किरकिर. रात्री रातकिडे ओरडावेत तशी. डावात नसलेली माणसं चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या, दोन चळती एका हाताने एकमेकींत मिसळत असतात, वेगळ्या करतात, पुन्हा मिसळतात. ज्यांनी पोकर फक्त सिनेमात पाहिलाय त्यांना सांगतो, इथलं मुख्य काम हेच. वाट पाहणं.

टेबलावर थेट जाऊन बसता येत नाही. काउंटरवर नाव द्यायचं, यादीत नंबर लागतो, नाव पुकारलं की खुर्ची मिळते. टेबलाभोवती नऊ-दहा जण आणि एक डीलर. हा डीलर खेळत नाही बरं का. रूलेटमध्ये तुमची गाठ कॅसिनोशी असते, इथे ती शेजारी बसलेल्या माणसाशी. कॅसिनो बहुतेक पॉटमधून, म्हणजे डावात मधोमध जमलेल्या पैशांतून, थोडा वाटा कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. काही ठिकाणी त्याऐवजी वेळेच्या हिशेबाने पैसे घेतात. मग कोण तरलं, कोण बुडालं, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खेळ बहुतेक वेळा टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं उपडी, आणि मधोमध सगळ्यांसाठी पाच पानं उघडी: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आता गणित बघा. ५२ पानांच्या कॅटमधून दोन पानं १३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यात एक्क्यांच्या जोड्या फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. हाताने वाटणारा डीलर तासाला साधारण ३० डाव काढतो. झाले की सात तास! आणि ती जोडी बादशहाच्या जोडीशी भिडली, तरी पाचातून एकदा हरतेच.

मग बाकीचा वेळ? पानं टाकायची, म्हणजे डाव सोडून द्यायचा, आणि माणसं बघायची. नवखा खेळाडू समोरच्याचा हात थरथरला की समजतो, हा घाबरलाय, थापा मारतोय. जुने खेळाडू अशा वेळी गुपचूप पानं टाकून देतात. कारण तो हात बहुधा भारी पान आल्याच्या आनंदाने थरथरत असतो.

नियम मात्र तोंडपाठ हवेत. पहिल्याच रात्री माझी फजिती झाली. माझ्याकडे राणीची जोडी होती. पुढच्याने पैसे लावले होते, मला ते वाढवायचे होते. मी ऐटीत एक मोठी चिप पुढे सरकवली, तोंडातून शब्द न काढता. डीलर शांतपणे म्हणाला, "कॉल." म्हणजे समोरच्याच्या रकमेशी नुसती बरोबरी. मी म्हटलं, "अहो, मला रेझ करायचं होतं." तो म्हणाला, "मग आधी बोलायचं, साहेब." न बोलता एकच मोठी चिप टाकली की तो कॉलच धरतात. उरलेली मोड त्याने मला परत केली आणि टेबलावरचे सगळे छताकडे बघू लागले. हसू दाबायची ही त्यांची पद्धत असावी.

त्यानंतर मी शहाणा झालो, जरा जास्तच. दुसऱ्या खेपेला सहा तास निमूट पानं टाकत बसलो. उपड्या पानांचा कोपरा अंगठ्याने उचलायचा, बघायचं, टाकायचं. आणि मग एकदा कोपरा उचलला तर इस्पिकचा एक्का. त्याच्यामागे बदामचा एक्का. मान वर न करता, या वेळी स्पष्ट आवाजात, म्हटलं, "रेझ."

पहिल्याने माझ्याकडे पाहिलं आणि पानं टाकली. दुसऱ्याने टाकली. तिसऱ्याने तर स्वतःची पानं धड पाहिलीही नाहीत. सहा तास गप्प बसलेला माणूस एकदम बोलला, म्हणजे काय आलंय ते साऱ्या टेबलाला कळलं होतं.

हाताला लागले ते फक्त दोन ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांना सक्तीने लावावे लागणारे पैसे. मधली पानं उघडण्याआधीच डाव संपला म्हणून त्यातून रेक कापला गेला नाही, तेवढाच काय तो दिलासा. डीलरने पानं गोळा केली आणि पिसायला घेतली.