मालिकेतल्या घरात समलिंगी माणसांनाही खोली हवी

नमस्कार मंडळी. वर्षभर परदेशात विखुरलेले आपण या वेळी मेळाव्यासाठी फोंड्यात जमलो आहोत, तेही ऐन जत्रांच्या दिवसांत. देवळासमोर रात्रभर चालणारी मराठी नाटकं बघत इथल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. पुरुषाने नेसलेलं लुगडं तिथे कुणाला खटकलं नाही. पदर कसा सावरला, पद कसं रंगवलं, याचंच कौतुक व्हायचं. मग टीव्हीवर नाजूक चालीचा पुरुष आला की आपल्याला हसू का फुटतं?

चवथीला मी नातेवाइकांकडे होते. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली होती, सगळे टीव्हीसमोर टेकले होते. एक नट मान वेळावत आला, मागून ध्वनिमुद्रित हशा वाजला, घरचेही हसले. कोपऱ्यात बसलेल्या कॉलेजच्या मुलाने मोबाईलमधून मान वर केली नाही. त्याच्याविषयी मी काही तर्क करत नाही. पण तो हशा आपल्यालाच आहे असं ज्याला वाटतं, असं एखादं लेकरू कुठल्याही घरात असू शकतं, आणि ते कुणाला सांगत नाही.

मराठी रंगभूमीने हा विषय फार आधी हाताळला. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली आलं. मुलीवर प्रेम करणारी मित्रा त्यात नायिका आहे, चेष्टेचा विषय नाही. तिचा शेवट मात्र आत्महत्येत होतो. त्या काळी तिला दुसरी वाट दिसत नव्हती, हे समजू शकते. आजच्या लेखकांनीही तीच वाट धरावी, हे मला पटत नाही.

म्हणून ‘मेड इन हेवन’ या 2019 च्या वेब मालिकेतला करण मला मोलाचा वाटतो. गे असलेला हा माणूस इतरांची लग्नं थाटात लावून देतो. घरमालकाने चोरून केलेल्या चित्रणामुळे त्याला समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम 377 खाली अटक होते. परस्परसंमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यातून मोकळं केलं, तेच हे कलम. पण करणची गोष्ट अटकेपाशी थांबत नाही. त्याला कर्ज फेडायचं असतं, धंदा सांभाळायचा असतो, आईशी बोलायचं असतं. हे रोजचं जगणंच आपल्या रात्री आठच्या मालिकांत मला पाहायचं आहे. आत्याच्या घरी दोघी मैत्रिणी जोडीने जेवायला आल्यात, आणि भांडण चाललंय ते जमिनीच्या वाटणीवरून, असं का नको?

मंडळाच्या एकांकिका स्पर्धेसाठी लिहिणारे इथे बरेच बसलेत. पुढच्या वर्षी अशी एक जोडी लिहा. त्यांना शेवटच्या प्रवेशापर्यंत जिवंत ठेवा. तालमीला माणूस कमी पडला, तर मी येईन.